ऐकू येतं त्याला ऐकू जातं

प्रिय दादा,

म्हणजे तुझं अजून तेच. मनीषावहिनीने फोनवर सांगितलं की तू म्हणालास, सूरजला सांग, मला तेव्हा काही ऐकू आलं नव्हतं आणि आता त्याचं काही ऐकायचंही नाही. बरं, नको ऐकू. वाच. फोनवर तसंही आपलं जमत नाही. मी तोंड उघडलं की तू बोलतोस, तू थांबलास की मी गप्प बसतो, आणि पैसे मात्र दोघांचे जातात. कागदावर निदान तुला मधे घुसता येणार नाही. माझं अक्षर म्हणजे पुळणीच्या वाळूवर कुर्ल्या फिरल्यासारखं, ते तुला लागेल. नाहीच लागलं तर वहिनीला वाचायला दे. पण फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

तू म्हणतोस ऐकू आलं नाही. मी तीन वर्षं म्हणतोय, कसं आलं नाही? आम्हाला तू ऐकू येत होतास. त्या दिवशी तू दुसऱ्या होडीत होतास, म्हणून आमच्या होडीत काय झालं ते तुला तुकड्यातुकड्याने कळलंय, तेही लोकांच्या तोंडून. आज सगळं सांगतो. दसरा होऊन गेला होता. तू वेगळा निघालास, सोसायटीचं कर्ज काढून नवी होडी आणलीस, आणि तिच्यापुढे नारळ वाढवायला बाबा आले नाहीत, त्याला वर्षही झालं नव्हतं. मी बाबांबरोबर जुन्या होडीवर होतो. पूर्णगडच्या समोर मशीन बंद पडलं. भर दुपारी आभाळ असं भरून आलं की दिवे लावावेत. वारा जमिनीकडे, खडपाच्या कातळांकडे ढकलत होता. नांगर टाकला तो घसरत राहिला, मग दोर तुटला. बाबा मशीनशी झटत होते आणि मी वायरलेसवर तुला हाका मारत होतो. दादा, तू शेजारी बसल्यासारखा ऐकू येत होतास. महिपतशी बोलत होतास. त्याची होडी तुझ्या अंगालाच होती. बांगडा किती, बर्फ पुरेल की नाही, असलं काहीतरी. मी मधेमधे घुसून सांगत होतो, मशीन बंद आहे, खडपाकडे चाललोय, ये. तुम्ही दोघं आपले बर्फाचंच बोलताय.

मग बाबांनी माझ्या हातातून माईक घेतला. तू वेगळा झाल्यापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव कुणी ऐकलं नव्हतं. आई काही विचारायला गेली तर म्हणायचे, त्या घरातल्याला विचार. त्या दिवशी त्यांनी नाव घेतलं. "शिवा, ये रे." एवढंच म्हणाले. आणि त्याच्यावर तुझा आवाज आला, "जाळं भरलंय. आता हितून हलायचं नाय."

बाबांनी माईक परत खुंटीला अडकवला. मी उचलायला गेलो तर म्हणाले, ठेव तो, उत्तर मिळालं. मग होडी खडपावर आदळली. होडीच्या फळ्या सुटल्या, बाबांचा उजवा पाय होडी आणि कातळाच्या मधे सापडला, मी त्यांना ओढून वर काढलं. पुढचं तुला माहीत आहे. इस्पितळात तू आलास तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तू सगळ्यांना सांगत राहिलास की ते मी महिपतला म्हणालो होतो, त्यांना नव्हे. महिपतही म्हणाला की माझ्याही सेटवर काही आलं नाही. त्यावर आपल्या भाट्ये गावातले लोक काय म्हणाले तेही तू ऐकलंयस. दोघांनी मिळून बांगडा विकला, गोष्टही मिळून रचली.

मी तिथून का निघालो ते तू कधी विचारलं नाहीस. होडी नव्हती, हे एक झालं. दुसरं म्हणजे मला घरात बसवेना. बाबा ओट्यावर पाय लांब करून समुद्राकडे बघत बसायचे. शेजारच्या दारातून तू बाहेर पडायचास, आणि तू दिसलास की त्यांची मान फिरायची. तेवढ्यात शौनकसाहेब टॉवरच्या कामाला पोरं शोधत आले. गोळपला त्यांच्या वडिलांची हापूसची बाग आहे, तेच. डोलकाठीवर चढलेल्या पोरांना उंचीचं भय नसतं, नुसता पट्टा बांधायला शिकवला की झालं, असं म्हणायचे. मी, मालनआत्याचा बाबल्या आणि आणखी दोघे निघालो. बाबल्या पहिल्याच टॉवरवर अर्ध्यात जाऊन देवाचं नाव घ्यायला लागला, तो आता खाली बसून नटबोल्ट देतो. मी टिकलो. आता राजस्थानात, बाडमेरच्या पलीकडे आहे. इथे वाळूला लाटा असतात, फक्त त्या आवाज करत नाहीत. एका जागी दोन महिने झाले की मला चैन पडत नाही, आणि या कामात दोन महिन्यांत जागा बदलतेच, म्हणून बरं चाललंय. पाण्याला मात्र मचूळ चव आहे.

आता खरं सांगायचं ते इथून पुढे. पहिल्या वर्षी एका ढाब्यावर आम्ही जेवत होतो. बाजूला न्हावी बसला होता, त्याचा आरसा खांबाला टांगलेला. शौनकसाहेबांनी मला विचारलं, आरशात तुला कोण दिसतंय? मी म्हटलं, मागच्या बाकावरचा ड्रायव्हर. ते म्हणाले, मग त्या ड्रायव्हरलाही आरशात तूच दिसतोयस. मी मान वळवून बघितलं तर खरंच तो माझ्याकडे बघून हसत होता. ते म्हणाले, अँटेनाचं असंच असतं. जिकडे चांगलं पाठवते तिकडचंच चांगलं ऐकते. जायचा मार्ग तोच यायचा. जाताना जेवढं झिजतं, येताना तेवढंच झिजतं, निसर्ग त्यात भेदभाव करत नाही. मी भाकरी खाली ठेवली. त्यांना विचारलं, दोन होड्या आहेत, दोन्हींवर एकाच जातीचे सेट, एकाला दुसऱ्याचं स्वच्छ ऐकू येतंय, तर दुसऱ्याला पहिल्याचं येणार का? ते ताटातून मान वर न करता म्हणाले, यायला पाहिजे.

मी का विचारतोय ते त्यांना माहीत नव्हतं. मी मात्र डोक्यात तपासून बघितलं. आमची केबल खारी हवा खाऊन कुजली होती, हे मला माहीत होतं. म्हणजे आमचा आवाज तुझ्यापर्यंत मेलेला पोचला असेल. पण कुजलेली केबल येणाऱ्यालाही तेवढंच खाते. तरी तू आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतास. मग आमचा आवाज तुला येणारच. कुठून सुटायला जागा नव्हती. मला वाटलं, तू आता सापडलास.

मागच्या गणपतीला मी घरी आलो तेव्हा तो आरशाचा खेळ मी बाबांना करून दाखवला. आईचा कुंकवाचा आरसा घेतला, त्यांना या कोपऱ्यात बसवलं, मी त्या कोपऱ्यात बसलो. तुम्हाला मी दिसतो ना, मग मलाही तुम्ही दिसता. ज्याचं आपल्याला ऐकू येतं त्याला आपलं ऐकू जातं, असं सांगितलं. बाबा नुसतं हं म्हणाले. आरसा बराच वेळ हातात धरून बसले. रात्री आरतीला तू ओट्यापर्यंत आला होतास, नवा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा पुडा. बाबांनी आईला सांगितलं, दार लोटून घे, वारा येतोय. वारा नव्हता, दादा. समईची वातसुद्धा हलत नव्हती. मी आरती म्हणत होतो, टाळ माझ्या हातात होते.

त्या आरशात खोट नव्हती, हे मी आजही म्हणतो. शौनकसाहेब जे बोलले तेच मी बोललो. पण त्यातलं निम्मंच बोललो, कारण उरलेलं निम्मं मला माहीत नव्हतं.

आमच्या कामात एक छोटं मीटर असतं. अँटेनाकडे किती ताकद गेली आणि तिकडून किती परत आली ते त्यात दिसतं. साहेबांचा नेम असा की बेरीज लागलीच पाहिजे. जेवढं दिलं तेवढं कुठेतरी असणारच. काही हवेत गेलं, काही केबल तापवण्यात गेलं, काही उलटं परत आलं. नाहीसं होत नाही. बेरीज लागत नसेल तर हात लावून बघा, कुठेतरी गरम असेल. एका टॉवरवर जोडात पाणी गेलं होतं. वर काही पोचत नव्हतं, सगळं परत येऊन खालचा सेट तापत होता. मी हात लावला, तळव्याला फोड आला. तेव्हा बाबा आठवले. तीन वर्षं ते तुझ्याशी बोलले नाहीत. ते बोलणं गेलं कुठे? आई फोनवर सांगते, त्यांचं जेवण तुटलंय, अंगातलं मांस उतरलंय, डॉक्टरला काही सापडत नाही. डॉक्टरला काय सापडणार.

गेल्या महिन्यात इथे एका गावात तक्रार आली. लोकांच्या मोबाइलवर सगळ्या कांड्या दिसतात, पण फोन लागत नाही. साहेबांनी मीटर लावून बघितलं आणि म्हणाले, फोनला टॉवर ऐकू येतोय, टॉवरला फोन ऐकू येत नाहीत. मी वर चढत होतो, तिथून ओरडलो, साहेब, मग तुमचा आरसा फुटला. असं होऊच शकत नाही, तुम्हीच सांगितलंय. ते हसले नाहीत. खालूनच म्हणाले, आरसा बरोबर आहे. त्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर ऊन आलं असतं, तर तू त्याला दिसला असतास का? तुला तो दिसला असता, आणि आरसा तोच असता.

मी समजलो नाही म्हणून त्यांनी परत सांगितलं. मार्ग दोन्हीकडून सारखा असतो. आवाज दोन्ही टोकांना सारखाच बारीक होऊन पोचतो. पण एका टोकाला शांत असेल आणि दुसऱ्या टोकाला कुणी कानाशी बर्फाचं मशीन फिरवत असेल, तर एकाला ऐकू येईल, दुसऱ्याला येणार नाही. त्यात मार्गाचा दोष नाही. मग ते बर्फाचं मशीन शोधायला आम्ही हातात अँटेना धरून गावभर फिरलो. टॉवरच्या पायथ्याशीच एका मास्तरांच्या छपरावर टीव्हीचा बूस्टर होता. तो बिघडून हवेत भलतीच किरकिर सोडत होता. मास्तरीणबाईंनी चहा दिला, पण मालिका संपेपर्यंत बूस्टर बंद करू दिला नाही. संपल्यावर तार काढली, आणि टॉवरला सगळं गाव ऐकू यायला लागलं. साहेब म्हणाले, विजेचा हिशेब इथेही बघ. बूस्टर जेवढी वीज खातो तेवढी चित्राला लागत नाही, उरलेल्यातली बरीच गरमीत जाते आणि थोडी हवेत. थोडीच, पण जो कानाशी बसलाय त्याला बहिरा करायला तेवढी पुरते.

बाकीचे खाली जेवायला गेले. मी टॉवरवर पट्टा बांधून तसाच बसून राहिलो, कारण मला तुझ्या ट्यूब आठवल्या.

त्या वर्षी गणपतीच्या आधी तू आणि महिपतने एकाच दुकानातून होडीला ट्यूबलाइट आणल्या होत्या, बॅटरीवर चालणाऱ्या, चोक लावलेल्या. सगळं भाट्ये हसलं होतं, होडीत लग्न आहे काय म्हणून. मग तूच कुरकुरत होतास की ट्यूब लावल्यापासून बॅटरी लवकर उतरते. आणि वायरलेस सारखा खर्र खर्र करतो, म्हणून तू ते किरकिर मारायचं बटण पार शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतंस. मला हौसेने दाखवलंही होतंस, बघ, कसा गप्प झाला. आम्ही सगळेच ते बटण पिळतो. दिवसभर कानाशी खर्र कोण ऐकणार. पण ते बटण किरकिर मारत नाही, दादा. ते सेटचं दार लावून घेतं, आणि मग जो जोरात धडकेल तोच आत येतो. महिपत तुझ्या अंगाला होता, तो धडकला. त्याच्याही होडीत त्याच ट्यूब, त्यालाही तूच तेवढा ऐकू येत होतास. आम्ही आठ-दहा मैलांवर. आमचं मशीन बंद, दिवा नाही, काही नाही, म्हणून आमच्याकडे सगळं शांत होतं आणि तुझा बारीक आवाजसुद्धा शेजारी बसल्यासारखा येत होता. आणि दुपारी काळोख झाला होता, जाळं भरलेलं. तू ट्यूब लावल्याच असशील. लावल्या होत्यास ना?

हे मी शौनकसाहेबांना सांगितलं, या वेळी नुसत्या दोन होड्या म्हणून नाही, घरच्यांची नावं घेऊन. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, तू मला मार्ग विचारलास, कान विचारले नाहीत, आणि मीही पुढचं सांगितलं नाही. पुढे म्हणाले, पण हे अजून आपलं म्हणणं आहे. करून बघितल्याशिवाय घरी सांगू नकोस, एकदा सांगून झालंय. त्यांचं हे मला पटलं. बाबांना फोनवर सांगितलं असतं तर ते पुन्हा हं म्हणाले असते आणि ठेवून दिला असता. कुंकवाचा आरसा मी त्यांच्या हातात दिला होता. हेही हातातच द्यायला पाहिजे.

म्हणून तुला लिहितोय. नारळीपौर्णिमा जवळ आली. तुझी होडी अजून वर ओढलेली असेल, ती तशीच असू दे. ट्यूब आणि चोक काढू नकोस, बटणाला हात लावू नकोस, सगळं त्या दिवशी होतं तसं ठेव. महिपतला त्याचा सेट, एक बॅटरी आणि बांबूला बांधलेली अँटेना घेऊन रिक्षात बसव. गोळपच्या उंच सड्यावरून बोलू दे. फार जोरात आलं तर पुढे पावसला जा म्हणावं, तिथेही आलं तर पूर्णगडला. आवाज बारीक झाला की तिथे थांबायचं. आणि तुझ्या होडीत वायरलेसपाशी तू बसू नकोस. बाबांना बसव. आधी ट्यूब बंद, बटण सैल. महिपतला बाबा ऐकू येतील, बाबांना महिपत ऐकू येईल. मग ट्यूब लाव, बटण पीळ. बाबांना बोलू दे, काय वाटेल ते बोलू दे. महिपतला सगळं ऐकू येत राहील. तो उत्तर देईल, बाबांना नावाने हाक मारत राहील, आणि बाबांना काही ऐकू येणार नाही. त्या दिवशी मी जितका वेळ हाका मारल्या तितका वेळ मार, असं महिपतला सांगून ठेव. परत आल्यावर त्याने बाबांना फक्त एवढंच सांगावं, तात्या, मी हाका मारत होतो. तू काही बोलू नकोस. मी चुकीचा निघालो आणि त्यांना ऐकू आलंच, तर मग आपलं भांडण आहे तिथेच आहे, पुढच्या पत्रात पुन्हा शिव्या देईन. पण बरोबर निघालो तर त्या ट्यूब समुद्रात नेऊ नकोस. पुन्हा कुणीतरी कुणालातरी हाक मारील.

बाबा तुझ्या होडीत पाय ठेवणार नाहीत, ते मला कळतं. त्यांना तू बोलावू नकोस, आई बोलावील. मी आईला फोन करतो, बाबांना सांग की सूरजला सेट तपासून पाहिजे आणि त्याला होडी चालवलेला जुना तांडेल लागतो, दुसऱ्या कुणाचं काम नाही. तांडेल म्हटलं की ते उठतील. पण त्यांचा पाय वर उचलत नाही आणि तुझ्या होडीचा काठ उंच आहे. तू हात पुढे केलास तर ते धरणार नाहीत, आणि तिथूनच परत फिरतील. म्हणून सदू सुताराकडून होडीला लाकडी पायरी करून घे, रुंद, बाजूला धरायला दांडा असलेली, म्हणजे त्यांना कुणाचा हात लागणार नाही. फणसाच्या लाकडाची कर म्हणावं, हलणारी नको. आजवर घरी पाठवायचे ते पैसे मी बाबांच्या नावाने पाठवले. ही मनिऑर्डर तुझ्या नावाने येईल, चकित होऊ नकोस, सही करून घे. रिक्षाचं भाडं, नवी केबल आणि महिपतच्या चहाचे धरले आहेत, बाकी सगळे पायरीचे.

तुझाच,
सूरज

मनिऑर्डर: दोन हजार दोनशे रुपये.